गादीच्या पलीकडे

थंडी पडायच्या आधी लोकांच्या गाद्या परत द्यायच्या होत्या आणि टाके घालायला माझ्यासमोर कुणी नव्हतं.

कापूस पिंजायला एक माणूस पुरतं. खोळीत भरायलाही पुरतं. टाक्याला मात्र दोघं लागतात. बाकीचे गादीवाले गादी जमिनीवर पसरतात आणि कडेनं वाकून वाकून टाके घालतात. आमच्यात गादी उभी टांगायची पद्धत. शेडच्या वाशाला दोन दोर, त्यांना गादीची वरची कड बांधायची, खालची कड जमिनीला टेकलेली. एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्यानं दाभण टोचायचा आणि म्हणायचं, "देतो." पलीकडच्यानं टोक धरून ओढायचा आणि म्हणायचं, "घेतला." मग तसंच उलट. दाभण वीतभर लांब असतो. न सांगता टोचला तर समोरच्याच्या तळहातात जातो. गादी मध्ये असल्यामुळे तोंड दिसत नाही, म्हणून शब्द लागतो.

माझी बायको आणि मी सगळा संसार असाच केला. भांडण झालं, अबोला धरला, तरी हे दोन शब्द चालू असायचे. पावसाळा संपता संपता ती गेली. आधी खोकला, मग ताप, मग श्वास पुरेना. त्यानंतर मी एकटाच टाके घालायला लागलो. दाभण टोचायचा, गादीला वळसा घालून पलीकडे जायचं, ओढायचा, तिकडून टोचायचा, परत वळसा. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागायचे आणि एक गादी अर्धीसुद्धा व्हायची नाही.

शेडला लागून एका बाईचं इस्त्रीचं दुकान आहे. तीही एकटीच. ती कोळसे फुंकता फुंकता माझी मजा बघायची.

"काय हो, भोवऱ्यासारखे फिरताय. त्यापेक्षा गादीलाच फिरवा."

"फिरवली असती. तिला चक्कर येते."

"मशीन घ्या नाहीतर दुसरं लग्न करा."

"कुठलंही बिघडलं की दुरुस्तीला माणूस मिळत नाही."

ती हसायची. मी हसायचो नाही, पण तिला राग यायचा नाही. गिऱ्हाइकं मात्र रागवायला लागली होती. कुणाची सून बाळंतीण होती, कुणाचा म्हातारा चटईवर झोपत होता.

अशाच एका दुपारी जेवायला घरी आलो. शेड रस्त्याच्या एका बाजूला, घर समोर. दाराशी एक बाई उभी होती. डोक्यावरून ओढणी, बगलेत कपड्यांचं गाठोडं, पाय अनवाणी. टाचांना भेगा पडून त्यात माती बसलेली.

"खाला आहेत का?"

ती माझ्या बायकोला विचारत होती. मी म्हणालो, "नाहीत."

"कधी येतील?"

हे दुसरं उत्तर तर पहिल्यापेक्षा अवघड होतं. मी कुलूप काढत राहिलो. ती म्हणाली, "मी थांबते. दवाखान्यात एकीनं सांगितलं होतं, गादीवाल्याचं हिरवं दार आहे, तिथे खाला आहेत. काही विचारत नाहीत म्हणाली."

"त्या गेल्या," मी म्हणालो. "दोन महिने होतील."

तिला कळलं. तिनं ओढणी नीट केली, तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली आणि गाठोडं दुसऱ्या बगलेत घेतलं. डावं मनगट वाकडं होतं. हाड मोडून तसंच जुळलेलं.

"कुठे निघालात?"

"बसथांब्यावर."

"कुठे जाणारी बस?"

"बस नाही. नुसता थांबाच."

मी दार उघडं सोडून बाजूला झालो. "खोली आहे तिथेच आहे," मी म्हणालो.

मागची खोली बायकोची होती. तिथे बायका येऊन राहायच्या. कुणाला नवऱ्यानं मारून हाकललेलं, कुणाला तलाक म्हणून रस्त्यावर काढलेलं, आणि माहेरी गेलं तर भाऊ दारातच उभा. कुणी आठवडाभर राहायची, कुणी वर्षभर. बायको त्यांना वकीलबाईंकडे न्यायची, दवाखान्यात न्यायची, शिलाई शिकवायची. मी त्यात नसायचो. सकाळी शेडमध्ये जायचो, दुपारचं जेवण शेडमध्ये यायचं. त्या तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या, मला काहीच म्हणायच्या नाहीत. जिथे बोलणंच नाही तिथे हाक कशाला लागते. बायको मला चिडवायची, "मी खाला झाले म्हणजे तुम्ही आपोआप खालू झालात. जरा खालूसारखे वागा." मी म्हणायचो, खालू कसा वागतो ते मला माहीत नाही. ती म्हणायची, "फार काही नाही. गप्प बसतो आणि गाद्या देतो."

त्या खोलीची बाहेरची कडी तिनं मला उपटायला लावली होती. भोकं अजून दिसतात. आतून मात्र जाड कडी. येईल तिला ती एकच नियम सांगायची. दार वाजलं की विचारायचं, कोण. नुसतं 'मी' असं उत्तर आलं तर उघडायचं नाही. सगळ्या घरांतले पुरुष 'मी'च म्हणतात. नातं सांगायला लावायचं. तिनं हा नियम घराच्या मोठ्या दारालाही लावला होता. कधी कडी असली तर मलासुद्धा विचारायची. मी वैतागून म्हणायचो, अगं मी. आतून यायचं, "कोण मी?" मग मला म्हणावं लागायचं, "तुझा नवरा, गादीवाला." आतल्या बायका खिदळायच्या.

तो नियम मी या बाईला सांगितला. तिनं मान हलवली.

मी ओसरीवर झोपायला लागलो. ती घरात असल्याचं कळायचं नाही. भिंतीच्या कडेकडेनं चालायची. भांडं खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून. माझं ताट झाकून खोलीत जायची आणि मी उठल्यावर बाहेर यायची. मी काही विचारलं तर मानेनंच हो किंवा नाही.

एक दिवस ती शेडमध्ये डबा घेऊन आली. मी गादीभोवती फिरत होतो. ती बघत उभी राहिली. मी पलीकडून अलीकडे आलो, दाभण टोचला, पुन्हा पलीकडे निघणार तेवढ्यात दाभण माझ्या बोटांतून आपसूक सरकला आणि आत गेला. पलीकडून कुणीतरी ओढला होता. दोरा सरसर गेला आणि थांबला. मग एक टोक माझ्या बाजूला आलं, अगदी हळू, अंगठ्याएवढं बाहेर येऊन थांबलं.

मी ओढला.

बराच वेळ असं चाललं. मग तिनं न सांगता टोचला आणि तो माझ्या करंगळीत गेला. मी "स्स" केलं. पलीकडे सगळं थांबलं. कडेनं डोकावलो तर ती खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं आणि वाकडा हात डोक्यावर आडवा.

मी चटकन मागे झालो. गादीच्या या बाजूनंच बोललो.

"करंगळीच आहे. अजून नऊ बोटं आहेत."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "रीत सांगितलीच नाही. टोचताना म्हणायचं, देते. ओढला की म्हणायचं, घेतला. एवढं बोललात की कुणाला लागत नाही."

खूप वेळानं पलीकडून आवाज आला. "बोललं की लागतं."

"इथे न बोललं की लागतं."

मी दाभण टोचला. म्हणालो, "देतो."

दोरा गेला. मग जमिनीकडूनच, बसल्या जागेवरून, ती म्हणाली, "घेतला."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. आम्हा दोघांमध्ये कायम गादी असायची. मला तिचं तोंड दिसायचं नाही, तिला माझं नाही. त्यामुळेच असेल, ती हळूहळू बोलायला लागली. नवरा ट्रक चालवायचा. ट्रकवर जाताना बाहेरून कडी लावून जायचा. आत पीठ, पाणी, सगळं भरून ठेवायचा. "उपाशी नाही ठेवलं कधी," ती म्हणायची. "देते."

"घेतला."

"घरी असला तरी चपला घालू द्यायचा नाही. माझ्या चपला ट्रकमध्ये असायच्या, त्याच्या सीटखाली. म्हणायचा, तुला कुठे जायचंय?"

"देतो."

"घेतला. भावाकडे गेले. भाऊ म्हणाला, धाकटीचं जमवायचंय, तू इथे दिसलीस तर लोक काय विचारतील. त्यानंच परत नेऊन सोडलं. ट्रकवाल्यानं त्याला जेवू घातलं. मी वाढलं."

गप्प बसणं आणि गाद्या देणं, एवढंच मला जमतं. गाद्या मात्र भराभर होत होत्या. म्हाताऱ्याची गेली, बाळंतिणीची गेली. तिचा टाका सुरुवातीला वाकडा जायचा, मग मनगट कसं धरायचं ते तिला सापडलं आणि तो सरळ झाला. अगदी सरळ.

चूक माझ्या तोंडून झाली.

इस्त्रीवाली तिची स्वतःची गादी घेऊन आली होती. खाली टाकून कमरेवर हात ठेवून उभी होती. मी कामाच्या लयीत होतो. दाभण पलीकडे गेला, दोरा संपत आला, आणि मी न बघता म्हणालो, "ऐकलंस का, दोरा दे."

मी बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. आयुष्यभर तिचं नाव 'ऐकलंस का' हेच होतं. जगात दुसऱ्या कुणाला मी तसं म्हटलेलं नव्हतं.

पलीकडे दाभण अर्ध्यातच थांबला. इस्त्रीवालीनं कमरेवरचे हात काढले.

"कुणाला म्हणालात?"

मला स्वतःलाच ते कुठून आलं कळत नव्हतं. गादीच्या पलीकडून रीळ माझ्या बाजूला घरंगळत आलं. ती शेडच्या मागच्या दारानं घरी निघून गेली.

"गादी राहू द्या," इस्त्रीवाली म्हणाली. "घाई नाही." आणि तीही गेली.

इस्त्रीवालीकडे सगळ्या गल्लीचे कपडे येतात. संध्याकाळपर्यंत घड्यांबरोबर ती गोष्टही घरोघर पोचली. गादीवाला आणि ती, नवराबायकोसारखे बोलतात. बोलता बोलता ती गोष्ट ट्रकवाल्यापर्यंतही गेली, कारण दोन दिवसांनी तो दारात उभा होता. बरोबर मौलवीसाहेब.

माणूस उंच, स्वच्छ कपडे, आवाज मऊ. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं मला वाकून सलाम केला.

"बायकोला न्यायला आलोय," तो म्हणाला. "रागावून आली. चुका माणसाच्याच होतात. अनवाणी आली बिचारी, म्हणून चपला आणल्यात." त्यानं कागद उलगडून चपला ओसरीवर ठेवल्या. नीट जोडीनं, बोटं रस्त्याकडे करून.

मौलवीसाहेब खाली बसले. ते वयानं माझ्याएवढेच. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा माझी बायको रोज जाऊन तिचं अंग पुसून यायची.

"हे खरं का," ट्रकवाला मला म्हणाला, अजून मऊच, "की तुम्ही दोघंच राहता इथे?"

"ती खोलीत. मी ओसरीवर."

"तुम्ही तिचे कोण?"

गल्लीतली माणसं दारापर्यंत आली होती. इस्त्रीवालीही होती, हातात कुणाचा तरी सदरा तसाच. मी शोधलं, पण मला काही सापडलं नाही. मी तिचा कुणी नव्हतो. जी होती ती गेली होती.

"कुणी नाही ना," तो म्हणाला. "मग बाजूला व्हा."

तो आत गेला. मी त्याच्यामागे गेलो, मौलवीसाहेब माझ्यामागे. त्यानं मागच्या खोलीचं दार बोटांच्या पेरांनी वाजवलं. हळूच, पाहुण्यासारखं.

आतून आवाज आला, "कोण?"

"मी."

काही नाही.

"अगं, मी आहे. उघड."

काहीच नाही. त्यानं पुन्हा वाजवलं. आता पेरांनी नाही, तळहातानं. "मी आहे म्हणतोय ना." त्याचा हात दारावरून खाली सरकला आणि जिथे बाहेरची कडी असायची तिथे चाचपडला. तिथे फक्त भोकं होती. सवयीचा हात होता तो. मौलवीसाहेबांनी तो हात पाहिला. मीही पाहिला.

"बाजूला व्हा," मौलवीसाहेब त्याला म्हणाले. मग दाराला म्हणाले, "बेटी, मी मशिदीतला मौलवी. तुझ्या खालाला ओळखत होतो. तुला यांच्याबरोबर जायचंय का? जे असेल ते सांग."

आत बराच वेळ शांतता होती. मला गादीच्या पलीकडची शांतता आठवली. त्यात घाई करून चालत नाही.

"नाही जायचं," ती म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हिचे कान भरलेत यानं," ट्रकवाला म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता. "परक्या पुरुषाच्या घरात राहते, तो तिला बायकोसारखी हाक मारतो, आणि तुम्ही मशिदीतले लोक बघत बसता?"

मौलवीसाहेब ओसरीवर येऊन बसले. दाढीवरून हात फिरवला. "ती नाही म्हणाली. तिला ओढून नेता येणार नाही," ते त्याला म्हणाले. "उद्या वकीलबाईंकडे या, जे बोलायचं ते तिथे बोला. मीही येईन." मग माझ्याकडे वळले. "तुमच्या मनात काही नाही हे मला माहीत आहे. पण हा जे म्हणतो तेही सोडून देता येत नाही. तुम्ही एकटे, ती एकटी, आणि छप्पर एक. हे बरोबर नाही. तिला कुठेतरी दुसरीकडे..."

"दुसरीकडे म्हणजे बसथांबा," मी म्हणालो.

मी ओसरीवरची माझी गादी उचलली. तिच्या टोकातला कापूस पार बसलाय, बरेच दिवस पिंजीन म्हणत होतो. ती गुंडाळली, खांद्यावर टाकली. उशी बगलेत घेतली.

"कुठे निघालात?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"शेडमध्ये. छप्पर एक असणं बरोबर नाही म्हणालात. दोन करतो."

"अहो, घर तुमचं आहे."

"घर खालाचं होतं. मी इथे जेवायला यायचो."

ट्रकवाला माझ्याकडे बघत राहिला, जसं एखाद्या खुळ्याकडे बघतात तसं. रस्ता ओलांडताना गादी खांद्यावरून घसरायला लागली. कुणीतरी मागून तिचं टोक धरलं. इस्त्रीवाली होती.

"मी झोपायला जाईन तिच्याजवळ," ती म्हणाली. "माझ्या घरी तरी कोण वाट बघतंय."

मी पुढून गादी सावरली.

"तुम्ही तसं म्हणालात ते मीच सांगितलं सगळ्यांना."

"म्हणालो होतो, म्हणून सांगितलंत."

"हो, पण..." तिनं गादी शेडमध्ये टाकली, पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "तिला म्हणाला नव्हतात, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी सांगितलं." आणि ती गेली.

फळांची पिशवी मौलवीसाहेबांनी परत ट्रकवाल्याच्या हातात दिली. चपला ओसरीवरच राहिल्या.

सकाळी जाग आली तेव्हा नाकातोंडात कापूस होता. अंग आखडलेलं. इस्त्रीवालीची गादी वाशाला टांगायची होती आणि दाभण त्या दिवशी तिच्या हातात घरी गेला तो तिथेच राहिला होता. मी रस्ता ओलांडला. ओसरीवर चपला नव्हत्या. बाहेर कुठे फेकल्या असतील म्हणून आजूबाजूला पाहिलं, तिथेही नव्हत्या. दाराच्या फटीतून आत पाहिलं तर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला त्या ठेवल्या होत्या, धुतलेल्या, बोटं बाहेरच्या दिशेला. पण आज ती दिशा तिनं ठरवलेली होती.

मी सवयीनं दार ढकललं. आतून कडी होती. माझ्याच घराचं दार मला उघडेना. मी वाजवलं.

"कोण?"

"मी," म्हणालो, आणि जीभ चावली.

आतून तिनं विचारलं, अगदी तसंच, जणू कुणी तिला त्या आवाजात शिकवून गेलं होतं.

"कोण मी?"

जुनं उत्तर ओठांवर आलं होतं. ते आता कुणाच्या कामाचं नव्हतं. मी दाराला हात टेकून उभा राहिलो. काल भरल्या गल्लीसमोर जे शोधून सापडलं नव्हतं ते बायकोनं कधीच सांगून ठेवलेलं होतं.

"खालू," मी म्हणालो.

कडी सरकली नाही. पावलं दारापर्यंत आली, आणि चपलांत पाय घातल्याचा आवाज झाला.

"तुम्ही पुढे व्हा, खालू," ती आतून म्हणाली. "गादी टांगून ठेवा. दाभण घेऊन मी पलीकडून येते."